पाण्याखालच्या डोझरचा चार्ज

होडी डुगडुगत होती आणि मल्लप्पा पाण्यात बांबू खुपसत होता. खालून ठण्ण आवाज आला तसा तो खूश झाला.

"हे ब्लेड, सायेब. लिवा."

मी चेकलिस्टवर टिक केली. ब्लेड, आहे.

मल्लप्पा आमचा डोझर ऑपरेटर, मंद्रूपचा. डोझर म्हणजे पुढच्या लोखंडी पात्यानं माती ढकलणारं अवजड यंत्र. सोलापूरजवळचं आमचं हे मातीचं धरण बांधताना भरावाची माती तलावाच्याच पोटातून काढली. काम संपत आलं आणि तिथंच या डोझरचा पट्टा तुटला. स्पेअर मागवला. स्पेअरच्या आधी पाणी आलं.

पण रजिस्टरला डोझर जिवंत. मल्लप्पाही त्याच्यावरच पोस्टेड. रोज लॉगबुकात लिहायचा, 'मशीन उभी.' खोटं नव्हतंच ते!

आज तो रिटायर होणार होता. पाचच्या आत कुणीतरी मशीनचा चार्ज घेतला नाही, तर त्याच्या पेन्शनचे कागद अडकणार. कुणीतरी म्हणजे मी, डेप्युटी इंजिनिअर. मे महिना असूनही डोझरवर दहा फूट पाणी.

"डिझेल?" मी विचारलं.

"टाकी फुल हाय. कशानं, ते इचारू नका."

तेवढ्यात ऑफिसातून आमच्या साहेबांचा फोन. मी स्पीकरवर घेतला. "अहो, आवाज दगडाचाही येतो. पुरावा काय?"

होडीवाला बशीर भडकला, "साब, मेरी जाल कित्ते साल से इसीच में अटकती!"

मल्लप्पाचा चेहरा मात्र पडला. "अय्यो शिवने! माज्या मशीनला दगड म्हंत्यात?" त्यानं शर्ट काढला.

"मल्लप्पा, वय काय तुमचं!"

"ते हापिसला इचारा की. त्यापायीच तर आलोय हितं."

आणि मारली उडी. डोझर गेला खड्ड्यात, हा माणूस वर आला नाही तर त्याच्या बायकोला काय सांगू? बशीर बांबू धरून वाकला. शेवटी बुडबुडे आले, मग मल्लप्पा. हातात गिअरच्या दांड्याची शेवाळलेली मूठ.

मी फोटो पाठवला. लगेच साहेबांचा फोन.

"मशीन आपलंच. पण मूठ वर आली म्हणजे खाली एक पार्ट कमी झाला. अपुऱ्या मशीनचा चार्ज घेता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, अख्खं मशीन बुडालंय आणि तुम्ही मुठीचं काय घेऊन बसलात?"

"बुडालेलं चालतं. अपुरं चालत नाही."

मी आणखी बोलणार, तर मल्लप्पाच म्हणाला, "बराबर हाय की सायबांचं. आपली वस्तू पुरी द्यावी." आणि मूठ घेऊन पुन्हा खाली! या वेळी जास्तच वेळ लागला. वर येऊन धापा टाकत म्हणाला, "चार आटे पिळलो. घट्ट बसलीया."

पावणेपाचला होडीतच सह्या झाल्या. साक्षीदार बशीर. मल्लप्पानं करदोट्याची गाठ सोडून डोझरची किल्ली काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. "लई गुणाचं मशीन हुतं, सायेब," म्हणाला आणि तोंड फिरवलं. मीही किल्ली कपाळाला लावली.

मल्लप्पाची पेन्शन वेळेवर सुरू झाली. 'नवा ऑपरेटर येईपर्यंत चार्ज उपअभियंत्याकडे' अशी ऑर्डर निघाली. पुढे ऑपरेटरची पोस्टच रद्द झाली. येत्या मेमध्ये मी रिटायर होतोय.

चार्ज घेताना वस्तू जागेवर आहे का, हे सगळेच बघतात. आपल्याकडून ती पुढे कोण घेणार, हे आधी बघावं. मी बघितलं नाही. सध्या रोज सकाळी मंद्रूपला जातो. मल्लप्पा मला विहिरीत पोहायला शिकवतोय.