भट्टीवरची घोंगडी

निपाणीहून निघालो तेव्हा सामान तीनच: कपड्यांची वळकटी, हातोडी आणि घोंगडी. बंगळूर थंड असतं, असं ऐकलं होतं. गावातल्या शहाण्यांनी बसपर्यंत येऊन ऐकवलं, "तिसरी शिकलेल्या लोहाराला कारखान्यात कोण उभं करणार?" वीस वर्षं मी भट्टीपुढे उभाच होतो. तेव्हाही कोणाला विचारलं नव्हतं. बेळगावला आगगाडी पकडली.

तुमकूरच्या पुढे शेतांच्या मधोमध प्रचंड काळे दगड बसलेले दिसले. यशवंतपूरला गार वारा डब्यात शिरला आणि मी घोंगडी पांघरली.

उतरलो कॉटनपेटेत, दूरच्या नात्यातल्या अक्कांकडे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड. त्यांनी रागीमुद्दे (नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा) वाढलं. मी भाकरीसारखं चावायला लागलो, तर ते दातांना चिकटून बसलं.

"चावू नका अण्णा, सारात बुडवून गिळा," अक्का हसत म्हणाल्या. "आणि स्वल्प (थोडं) अजून घ्या."

दुसऱ्या दिवशी के. आर. पुरमच्या बाजूला एका कारखान्यात परीक्षा होती. लोहाराची जागा एकच. माझ्याबरोबर आणखी दोघे होते, दोघांकडेही प्रमाणपत्रं. छिन्नी घडवायची आणि तिला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून धार कणखर करायची. भट्टी उघड्या अंगणात, डोक्यावर ऊन. त्या दोघांनी तसंच काम उरकलं.

मला ते जमेना. उन्हात पोलादाची लाली खरी दिसत नाही. कमी तापलंय असं वाटतं आणि माणूस जास्त तापवून बसतो. मी दोन खांबांना घोंगडी बांधून भट्टीवर सावली केली.

"पूजा मांडताय का?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

"तसंच समजा. जरा थांबा."

सावलीत पोलाद डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं, तेव्हाच मी ते बाहेर काढलं. मग तिन्ही छिन्न्या लोखंडी कांबीवर मारून पाहिल्या. पहिल्याची धार उडाली. दुसऱ्याची वाकडीतिकडी का होईना, टिकली. माझी सरळ कांबीत शिरली. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं, भट्टीवरच्या फोरमनकडे पाहिलं आणि कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, हेल्पर.

"प्रमाणपत्राशिवाय लोहार लिहिता येत नाही. हेल्पर म्हणून राहा, काम तेच करायचं."

फार लागलं. पण तिसरीपर्यंतचं वाचन अशा वेळी उपयोगी पडतं. मी सही केली नाही.

"काम तेच, तर नावही तेच लिहा," म्हणालो आणि घोंगडी सोडली. तिला ठिणगीनं एक भोक पडलं होतं.

अक्कांकडे दोन दिवस तोंड पाडून बसलो. परत गेलो तर शहाणे काय म्हणतील, हे मला पाठ होतं. रविवारी दुपारी तोच फोरमन पत्ता शोधत आला. हातात गोणपाट, त्यात कारखान्याच्या बोथट छिन्न्या.

"तुम्हाला आत घेणं माझ्या हातात नाही," तो कन्नडमध्ये म्हणाला. "काम बाहेर देणं आहे."

"सरी (बरं)," मी म्हणालो. "पण भट्टी माझी असेल. आणि दारावर लोहार लिहीन."

अक्कांनी घरामागची शेड मोकळी करून दिली. पाटी मी स्वतः रंगवली, मराठीत आणि कन्नडमध्ये. ऐरण शेजारच्याकडून मागून आणली होती. ती माझ्या हातोडीला कधीच मानवली नाही.

म्हणून तीन महिन्यांनी गावी आलो. पारावर शहाणे बसलेले होतेच.

"शेवटी आलास ना परत?"

"आलो. माझी ऐरण न्यायला."

कागद नव्हता म्हणून मी कमी ठरलो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. ऐरण बसच्या टपावर चढवायला चार माणसं लागली. त्यांतले तिघे पारावरचे शहाणे होते.