निरोपाचं माप

एकोडीच्या मधुकरराव गुरुजींनी ललिताबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्यांनी गुरुजींना दारातून परत पाठवलं त्या दिवशी. गुरुजी नुकतेच निवृत्त झाले होते. बायकोच्या ब्लाऊजचं कापड आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेलं माप घेऊन ते गेले होते. ललिताबाईंनी मशीनवरचा पाय न थांबवता कागदाकडे पाहिलं.

"अक्षर बेस हाय, गुरुजी. पण मी निरोपाचं माप घेत नाही. अंग ज्याचं, त्यानंच यावं."

गुरुजी मुकाट बायकोला घेऊन आले. ललिताबाईंनी पडद्याआड टेप लावला, गळा किती खोल, बाही कुठवर, सैल की घट्ट, असं एकेक विचारून घेतलं आणि मगच कात्री उचलली.

दोन वर्षांपूर्वी ललिताबाईंच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, स्तन काढला. पुढचे उपचार, गळालेले केस, सगळं निभावून त्या पुन्हा मशीनवर बसल्या. ब्लाऊजच्या डाव्या बाजूला जुन्या लुगड्याची घडी ठेवत. मशीनवर वाकलं की ती घडी गळ्याशी यायची आणि दिवसातून दहादा उठून आत जावं लागायचं. गिऱ्हाईक बाया तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसत.

एकदा तपासणीच्या रांगेत त्यांना तुमसरची एक बाई भेटली. तिचाही स्तन काढलेला, पण त्याच ऑपरेशनमध्ये तिच्याच पोटाचं मांस घेऊन नवा घडवलेला. "तुले विचारलं नाही का?" तिनं सहज म्हटलं. दुसऱ्या दिवशी ललिताबाई फाईल घेऊन गुरुजींच्या ओसरीवर हजर. मागोमाग नवरा भैय्यालाल आणि मोठी जाऊ सुमित्राबाईही आल्या.

"इंग्रजी हाय. तुमी फकत वाचा, गुरुजी. समजवू नका."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या पानावर एक ओळ होती. गुरुजींनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि मराठीत सांगितली. स्तन पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया: रुग्णाला नको.

"मी कवा म्हटलं?"

भैय्यालालनं घसा खाकरला. "तू रक्त द्यायले गेली होतीस. डॉक्टरनं वय विचारलं, मी म्हटलं बावन्न. ते म्हणाले, मंग नकोच ना? मी म्हटलं, नको."

"किती वेळ लागला मले रक्त द्यायले?"

"पाच मिनटं असन."

"पाच मिनटं थांबता नाही आलं?"

"जीव वाचला हे बस नाही का?" सुमित्राबाई मध्ये पडल्या. "या वयात आता कोणाले दाखवायचं हाय?"

"बाई, मागच्या दिवाळीत तुमी साठीच्या होत्या. पाठीवर मोत्याचे लटकन लावून घेतले माझ्याकडून. ते कोणाले दाखवाले होते?"

सुमित्राबाईंनी पदर सारखा केला. गुरुजींना हसू आलं आणि लगेच विरलं. कागदावर माप लिहून नेणारा माणूस त्यांना आठवला. तिथं ब्लाऊजचं कापड होतं. इथं बाईचं शरीर होतं, आणि डॉक्टर, नवरा, दोघा शहाण्या पुरुषांनी उभ्या उभ्या ते निकालात काढलं होतं. वर ते बाईच्याच नावावर लिहिलं. रुग्णाला नको म्हणे! नवऱ्याला नको, डॉक्टरला वेळ नाही, असं लिहिलं असतं तर निदान खोटं तरी झालं नसतं.

पुढच्या तपासणीला ललिताबाईंनी ती ओळ डॉक्टरांसमोर धरली. "हे मी म्हटलं नाही, साहेब."

"मग हवंय का तुम्हाला?"

"पयले करता काय, ते तर सांगा."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांच्या बाबतीत पाठीचं मांस आणि कातडी पुढं वळवावी लागणार होती.

"म्हणजे पाठीचा तुकडा काढून समोर जोड. मंग पाठ ओढन का नाही?"

"काही महिने ओढेल. हातालाही थोडा अशक्तपणा राहील."

"मशीन?"

"सुरुवातीला बंद. पुढेही आधीइतकं होईलच असं नाही. आणि नव्या स्तनाला स्पर्श पहिल्यासारखा कळणार नाही."

ललिताबाईंनी चित्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. महिनाभरानं त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, करा. डॉक्टरांनी सवयीनं भैय्यालालकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"त्यांचं माप नाही घ्यायचं, साहेब," ललिताबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. ती ललिताबाईंनी तिथंच मराठीत वाचून दाखवायला लावली.

ऑपरेशन झालं. गावात दोन महिने हाच विषय होता. म्हातारपणी हौस, कोणी म्हणे. देवानं दिलं ते देवानं नेलं, कोणी म्हणे. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या बाया लग्नसराईत ब्लाऊज घेऊन आल्याच, आणि यावेळी कॅलेंडरकडे कोणाचीच नजर नव्हती.

लुगड्याची घडी ललिताबाईंनी मशीन पुसायला घेतली. पाठीवर डाव्या बाजूला वीतभर व्रण आहे. आधी त्या दिवसाला सहा ब्लाऊज शिवत, आता चार शिवतात.