उकिडवं बसण्याची नोकरी

मी आयुष्यभर उकिडवं बसून पगार घेतला. हसू नका, खरं तेच सांगतोय. कुणी खुर्चीत बसून घेतो, कुणी गल्ल्यावर बसून. मी दोन पायांवर, बूड जमिनीला न टेकवता घेतला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकतो तो पिचर, मारतो तो बॅटर, आणि बॅटरच्या पाठीमागं तोंडाला जाळी बांधून उकिडवा बसलेला असतो तो कॅचर. पिचरचा चेंडू झेलायचा, परत द्यायचा, पुन्हा बसायचं. खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी खात्यात लागलो. नेमणूक कुर्डुवाडीला, घर सोलापुरात आणि निम्मं वर्ष कुठल्या ना कुठल्या मैदानात.

"सोलापुरात कुठला आलाय बेसबॉल?" असं तुम्ही आता म्हणणार. म्हणा. सवय आहे मला. आमच्या गल्लीत अजूनही लोक मला विकेटकीपर म्हणतात. पहिली दहा वर्षं मी भांडलो. विकेटकीपर वेगळा, कॅचर वेगळा, इथं विकेटच नसतात तर मी राखू काय, असं तावातावानं सांगायचो. समोरचा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "पण सेंच्युऱ्या किती मारल्या?" अशी तिडीक जायची डोक्यात!

या खेळात मी आलो तो आईच्या भाकरीमुळं. आईचा कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा धंदा होता. आमचं घर दोन भाषांचं, उंबऱ्याबाहेर मराठी आणि चुलीपाशी कन्नड. शाळेतून आलो की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत आई म्हणायची, "कुंद्रो." म्हणजे बस खाली. मग चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी उलटायच्या, वाळत लावायच्या, दाणे कुटायचे. पाट एकच आणि त्याच्यावर आई. दोन-दोन तास मी तसाच बसायचो, आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

कॉलेजात आमचे खेळाचे सर कुठल्याशा शिबिरातून हा खेळ शिकून आले. सोबत एक बॅट, चार ग्लोव्ह आणि लई उत्साह. "कॅचर कोण होणार?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी हात वर केले, कारण कॅचरला तोंडाची जाळी मिळणार होती. सर म्हणाले, "उकिडवं बसा सगळे. शेवटी उरेल तो कॅचर." आणि स्वतः कट्ट्यावर बसून पेपर वाचायला लागले. पाच मिनिटांत तालमीतले दोन पैलवान आडवे झाले. बाकीचे एकेक करून हात टेकत, शिव्या देत उठले. सरांचा पेपर लग्नाच्या जाहिरातींसकट वाचून झाला तेव्हा मैदानात मी एकटा बसलेला.

"पाय दुखत न्हाईत व्हय रं?" सर जवळ येऊन म्हणाले.

"घरी असाच बसतो की सर."

"घरी काय करतोस?"

"भाकरी."

सरांनी जाळी माझ्या तोंडावर चढवली. छातीला बांधायचं कवच मात्र आमच्याकडं नव्हतं. मग चादरीची जाड घडी छातीवर घेतली आणि सुतळीनं आवळून बांधली. मे महिन्यातलं सोलापूर, अंगावर चादर, तोंडाला जाळी! आईनं पहिल्यांदा त्या अवतारात बघितलं तेव्हा माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली, पोराला ताप-बिप आलाय की काय.

खेळ लोकांना कळावा म्हणून सर आम्हाला गावोगाव घेऊन जायचे. मोडनिंबच्या पलीकडं एका गावात आम्ही गावकऱ्यांशीच सामना लावला. त्यांचा पहिला बॅटर म्हणजे गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान. त्यानं पहिलाच चेंडू असा हाणला की आम्ही बघतच राहिलो. बेसबॉलमध्ये मारल्यावर बॅट तिथंच टाकून, चार कोपऱ्यांवरच्या बेसना ओळीनं शिवत गोल पळायचं असतं. हा गडी बॅट घेऊन पळाला. पहिल्या बेसजवळ गेल्यावर वाकला, बॅट लांब करून बेसला टेकवली, आणि मागं वळून दुसऱ्या रनसाठी परत माझ्याकडंच यायला लागला! सर ओरडतायत, "अरे पुढं जा, दुसऱ्या बेसला!" तो म्हणतोय, "आन् मंग हिकडचं रन कोन काढनार?" पुढच्या वेळी सरांनी त्याला बॅट टाकून पळायला सांगितलं, तर गडी बॅट नेऊन आपल्या मेव्हण्याच्या हातात देऊन आला आणि मग पळाला. टाकून दिली तर कुणीतरी नेईल की, हे त्याचं म्हणणं.

त्याच्याही पुढं मजा झाली. आमच्या एकानं मारलेला चेंडू एक टप्पा पडून त्यांच्या गड्याच्या हातात गेला, आणि सगळं गाव एका सुरात ओरडलं, "टप्पा औट!" सर नियमांचं पुस्तक उघडून दाखवायला लागले. एक म्हातारे पुढं आले आणि सरांना समजावणीच्या सुरात म्हणाले, "सर, तुमचं पुस्तक बरूबर आसंल, पर आमच्यात टप्पा औट आस्तो." आमचा माणूस गुपचूप बाहेर आला. आम्ही तो सामना हरलो, वर गावानं आम्हाला पोटभर हुरडा खाऊ घातला. इतका हसलो होतो त्या दिवशी की परतीच्या टमटममध्ये बरगड्या दुखत होत्या.

असे दिवस होते. कुठं कुठं खेळलो, किती हरलो, किती जिंकलो ते आता नीट आठवतही नाही. आठवतं ते बसणं. त्या बसण्यातून सगळं मैदान समोर दिसतं. बाकीचे आठजण माझ्याकडं तोंड करून उभे आणि मी एकटाच त्यांच्याकडं बघणारा. दुसऱ्या कुठल्याच कामात मला इतकं सुख लागलं नाही.

पण त्याची किंमत गुडघ्यांनी दिली. निवृत्त झालो आणि वर्षभरात दोन्ही गुडघे बोलायला लागले. मागच्या पावसाळ्यात उजवा गुडघा अडकला तो अडकलाच. तीन आठवडे अंथरुणात. माझी मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती मला काखेत धरून न्हाणीघरापर्यंत न्यायची, आणायची. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, जमिनीवर जेवायचं नाही आणि उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. बायको तिथंच म्हणाली, "म्हणजे ह्यांना जे एक येतं, ते पण बंद." तेव्हापासून घरात मी काचेचं भांडं झालो. चप्पल खाली पडली तरी दोघी धावायच्या. लग्नात सगळे पंगतीत आणि मी खुर्चीवर मांडीत ताट घेऊन. राग यायचा. पण राग काढणार कुणावर? दोघी मायेनंच करत होत्या.

आता मुख्य गोष्ट. ही माझी मुलगी पिचर आहे. मी तिला कधी खेळ म्हटलं नव्हतं. तिचं तिनं धरलं. या वर्षी राज्याच्या मुलींच्या संघाची निवड होती, रविवारी. गेल्या वर्षी थोडक्यात राहिली होती, महिनाभर नीट जेवली नव्हती. आणि नेमकं याच आठवड्यात तिची कॅचर मैत्रीण बहिणीच्या लग्नाला अक्कलकोटला गेली. पोरगी सकाळी एकटीच घरामागच्या मोकळ्या जागेत भिंतीवर खडूनं चौकोन काढून चेंडू मारत बसायची. भिंत चेंडू परत देते, पण तो कसा आला ते सांगत नाही.

मंगळवारी मी माळ्यावरून माझा ग्लोव्ह उतरवला, रंगाचा रिकामा डबा पालथा घातला आणि भिंतीपुढं त्याच्यावर बसलो. "टाक," म्हटलं.

"अप्पा, आई ओरडेल."

"डब्यावर बसलोय. डॉक्टरांनी डब्याचं काही सांगितलं नाही. टाक."

तिनं टाकला. काय सांगू! देवाला फूल वाहिल्यासारखा अलगद चेंडू. मी म्हटलं, असू दे, अंग गरम व्हायचंय. दुसराही तसाच. बुधवारी तसंच, गुरुवारी तसंच. कॅचर मांड्यांच्या मधे बोटं धरून पिचरला खूण करतो, कुठला चेंडू हवा ते. एक बोट म्हणजे वेगाचा, दोन म्हणजे वळणारा. मी एक बोट दाखवायचो आणि ती मान हलवायची. पिचरनं मान हलवली की नको असा अर्थ. तो तिचा हक्क असतो. मग मी मुकाट्यानं दोन बोटं दाखवायचो.

शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की हळू टाकून टाकून तिचा हातच बिघडायला लागलाय. चेंडू माझ्यापर्यंत येता येता बसत होता. परत भिंतीवर टाक म्हटलं, तर तिथंही तोच मरगळलेला चेंडू. चार दिवस मदत करतो म्हणून बसलो आणि मीच पोरीचं वाटोळं करत होतो.

"रविवारी असं टाकलंस तर परत घरी बसशील," मी जरा जोरातच बोललो.

"मग काय करू?" ती म्हणाली. "तुमाला लागलं म्हंजे? तुमाला धरून न्हाणीत मी नेत होते अप्पा. रात्री तुमी उशीत तोंड घालून कण्हायचा ते मला ऐकू यायचं. त्याच माणसावर जोरात चेंडू कसा टाकू?"

ती उशीची गोष्ट तिला माहीत असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी डबा उचलला आणि आम्ही दोघं घरात गेलो. त्या दिवशी मी जेवलो, पण काय जेवलो ते विचारू नका.

शनिवारी सकाळी मी तिच्या आधी मागं गेलो. जाळी शोधून काढली होती, ती तोंडाला बांधली. डबा उचलला आणि बाजूला ठेवला. मग भिंतीला हात लावून हळूहळू खाली गेलो. उजव्या गुडघ्यात कळ आली ती थेट मस्तकात गेली. आई गं! पण बसलो. दोन पायांवर उकिडवा बसलो आणि भिंतीवरचा हात काढून घेतला. इतक्या महिन्यांनी परत त्या उंचीवरून समोर बघितलं. चुना मारलेलं कुंपण, तुळस, दोरीवरचे कपडे. काही नाही हो, पण मला मैदानच दिसत होतं.

ती आली आणि दारातच थबकली. "अप्पा! उठा आधी!"

"पिचरनं कॅचरला उठ म्हणायचं नसतं. जागेवर जा."

ती गेली. मी एक बोट दाखवलं. तिनं मान हलवली. मी परत एक बोट दाखवलं. परत नको. आमच्या आवाजानं बायको खिडकीत येऊन उभी राहिली होती. आता ही ओरडणार, मी मनात म्हटलं. पण ती गजाला धरून नुसती बघत राहिली. गुडघा थरथरत होता, आता फार वेळ निघणार नाही हे मला कळत होतं.

"हे बघ," मी जाळीतून म्हणालो, "म्हाताऱ्याला सांभाळायला घरात तुझी आई हाय. मला हितं पिचर पायजे." आणि तिसऱ्यांदा एक बोट दाखवलं.

तिनं डोळे पुसले. चेंडू ग्लोव्हमध्ये दोनदा फिरवला. मग मान खाली केली, हो म्हणून.

तिचा पाय उचललेला दिसला आणि पुढचं काही दिसलं नाही. ग्लोव्हमध्ये असा दणका बसला की पंजापासून कोपरापर्यंत आग झाली. मी तोल जाऊन मागं पाठीवर पडलो, पाय वर, भिंतीवर डोकं. पण चेंडू ग्लोव्हमध्येच! पडल्या पडल्या मला असं हसू फुटलं की थांबेचना. खिडकीतून बायको "अगं बाई, अहो!" करून ओरडली.

मुलगी मात्र धावत आली नाही. आपल्या जागेवरच उभी राहिली, ग्लोव्ह पुढं धरला आणि म्हणाली, "अप्पा, चेंडू द्या की लवकर."