केरीच्या खाडीत, तोंडापर्यंत

चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, होऊन गेली आणि आईने पुन्हा तेच सुरू केलं: "एकदा केरी दर्यातून बघूक व्हयी." आई केरीची, मासेमारीच्या घरातली. लग्न होऊन पाळीला आली ती थेट खाणीच्या लाल धुळीत. लहानपणी आजोबा तिला होडीतून खाडीबाहेर न्यायचे. तिथून मागे वळलं की एका अंगाला तेरेखोलचा किल्ला, दुसऱ्या अंगाला आपलं घर. गुडघे आता कुरकुरतात, पुढच्या वर्षी होडीत पाय टाकता येईल की नाही, हा तिचा घोर. म्हटलं चल, या रविवारी जाऊच.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: हे पेडण्याचं केरी, सत्तरीतलं नव्हे. नकाशावर भरवसा ठेवलात तर भलत्याच केरीला पोचाल. आम्ही डिचोली, अस्नोडा, कोलवाळ करत पहाटे पेडण्यात आलो. बाजारात पातळ भाजी आणि गरम उंडे, म्हणजे गोल पाव, मिळतात, ते चुकवू नका. आईने अर्धाच उंडा खाल्ला. "चल रे, पाणी आपल्यासाठी थांबाचा नाय."

आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, अजून होडी चालवतो. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन बसवून, लाइफ जॅकेटं बाहेर काढून तो तयार होता. पावसाळ्यातली बंदी उठली तरी या दिवसांत दर्या पुरता निवळलेला नसतो. खाडीचं तोंड ओलांडायचं ते भरती चढताना. ओहोटीला आतलं पाणी बाहेर धावतं, बाहेरची लाट आत येते आणि वाळूच्या बांधावर दोघांची जुंपते. तिथे होडी पालथी व्हायला वेळ लागत नाही. भरती अजून चढत होती, पण थोडीच उरली होती.

मामाने वल्हं उचललं. आईने जॅकेटाचा पट्टा आवळला आणि खुशीत विचारलं, "खंय न्हेतंस रे माका पयलां?"

मामाने वल्हं खाली ठेवलं. दर्यावर निघालेल्याला 'कुठे' म्हणून विचारायचं नसतं. विचारलंच, तर परत घरात जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. "वायच बसया गो बाय. चाय घेवया."

"मामा, हे काय घेऊन बसलास," मी वैतागून म्हटलं. आईने माझा हात दाबला. तिचा चेहरा पडला होता. "माझ्या बापायन एकदा ह्याच्यासाठी माका धपाटो घातलो होतो. आणि मीच इसारलंय. मी खाणीवालीच झालंय रे."

चहा होईपर्यंत पाणी फिरलं. तोंडाशी पांढरं फुटायला लागलं. "आज भायर नाय," मामा म्हणाला. त्याने आम्हाला आतल्या आतच, किल्ल्याखालपर्यंत फिरवून आणलं. आईने किल्ल्याकडे पाहिलंही नाही. ती त्या फुटणाऱ्या लाटांपलीकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

"दिवाळीनंतर ये," उतरवताना मामा म्हणाला. "तेव्हा दर्यो पाटासारखो आसता." तुम्हीही तेव्हाच जा, सकाळच्या वेळी. दुपारनंतर वारा उठतो. आणि जॅकेट घालायला लाजू नका.

परतताना मामाने दिलेली बांगडे माशांची पिशवी आईने मांडीवरून खाली ठेवू दिली नाही. गाडीला वास लागला, लागू दे.

सोमवारी सकाळी मी वाळपईला कामासाठी निघालो. स्कूटर काढली तशी आई दारात आली. रोज विचारते, "खंय चललंस?" आजही तोंड उघडलं, मग मिटलं. पदराने हात पुसत राहिली.

"बेगीन ये," एवढंच म्हणाली.