लोखंडाला क्लिक

तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या क्लायंटच्या जाहिरातीवर नुसतंच, टाइमपास म्हणून क्लिक केलंय! सर्चमधल्या त्या जाहिरातीला दर क्लिकमागे पैसे पडतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. शेठनाही नव्हतं. म्हणून तर माझ्याकडे कीवर्डपेक्षा किस्से जास्त साठलेत.

शेठ म्हणजे माझे पहिले आणि एकुलते एक क्लायंट. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं दुकान. लहान व्यापाऱ्यालाही मोठ्या कंपनीच्या शेजारी झळकता आलं पाहिजे, या हट्टापायी मी खारघरची नोकरी सोडून इंटरनेटवर जाहिराती लावून द्यायचं काम सुरू केलं होतं. शेठ म्हणाले, "एक महिना देतो. एक तरी खरं गिऱ्हाईक आण, नाहीतर राम राम!"

*

कीवर्ड म्हणजे लोकांनी जो शब्द शोधला की आपली जाहिरात दिसते, तो. पहिला कीवर्ड 'चॅनल'. बाजारात चॅनल म्हणजे शेडला लागतो तो, लोखंडी. दिवसभर फोन! "तुमचा चॅनल आमच्याकडे दिसत नाही हो!" एका आजींनी तर शेठना झापलंच, "त्या सिरियलमधल्या सुनेला एवढं का छळता?"

शेठ गडबडून म्हणाले, "आजी, आता नाही छळणार."

मी तातडीने 'टीव्ही' आणि 'सिरियल' वगळायच्या शब्दांत टाकले.

*

तरी रोज सकाळी दहालाच दिवसाचं बजेट खलास! कोण संपवतंय? स्वतः शेठ! दुकान उघडलं, अगरबत्ती लावली, की आपल्याच जाहिरातीवर क्लिक. मग भाऊ, मेहुणे, समोरचा वजनकाट्यावाला...

"शेठ, हे काय?"

"बोहनी!"

*

क्लिक केलं की वेबसाइटवर आधी शेठच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. फोन यायचे, पण दबक्या आवाजात. "फार वाईट झालं. कधी गेले?" पुढे लोखंडाचा विषय काढायला कुणाची जीभच रेटेना.

"फोटो खाली घेऊ या," मी म्हणालो.

"वडिलांना खाली? अजिबात नाही! हवं तर हार काढ."

*

महिना संपत आला. सळईला बाजारात 'बार' म्हणतात, म्हणून मी तोही शब्द लावला. लगेच फोन, "फॅमिली सेक्शन आहे का?" शेठ वैतागले आणि त्यांनी फोन घ्यायला रोडपालीच्या मंदाताईंना बसवलं. मी घाईघाईत त्यांना एवढंच पढवलं, "पिणारे असतील तर गोड बोलून कटवा."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोचलो, तर शेठ घड्याळाकडे बघत बसलेले. "एकही गिऱ्हाईक नाही?" मी विचारलं.

"एक फोन आलता की," मंदाताई म्हणाल्या. "कोन बिल्डर व्हता. बोलला, दोन ट्रक बार पायजे, आजच्या आज."

शेठ ताडकन उभे राहिले. "मग?"

"मग काय! मी बोलली, दादा, दोन ट्रक? घरी बायकापोरं हायत ना?"