मयताच्या फोटोवाली ताईबाई

साखरेनं अभिमन फोटोग्राफरचे डोळे खाल्ले, तेव्हा तो पंचेचाळिशीचाही नव्हता. एरंडोलच्या पेठेतलं त्याचं दुकान बरं चालत होतं. पण अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो पुसट निघाले, नवरीकडचे दुकानात येऊन आरडाओरडा करून गेले आणि गावाला कळायचं ते कळलं. मूलबाळ नव्हतं. बायकोनं, ताईबाईनं, कॅमेरा गळ्यात घातला तो दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

शिकवताना अभिमन घरातली बोली सोडून दुकानातली भाषा बोलायचा, जसं काही पगारी माणसाला सांगतोय.

"काचेत मधोमध तुटलेली रेघ दिसते?"

"दिसते."

"रिंग फिरव. जुळली की थांब. जुळली?"

"हलते ना ती."

"ती नाही हलत. तू हलतेस."

भिंगावरचा आकडा लहान तर उजेड आत येण्याचं भोक मोठं, हे उलटं गणित तिच्या डोक्यात बसता बसेना. भोक मोठं केलं की उजेड भरपूर, पण चेहरा नीट आला तर मागचं माणूस पुसट. शटर हळू ठेवलं की अंधारातही चित्र उमटतं, पण जरा हललं की गेलं. ती चुकली की अभिमन हाताला लागेल ते फेकायचा. कुठं फेकतोय ते त्याला दिसत नसे.

लग्नाला बाई फोटोग्राफर कोण बोलावणार? मयताला मात्र चालायची. आजूबाजूच्या खेड्यांत कितीतरी म्हातारी माणसं जन्मभर एकही फोटो न काढता जायची, आणि तिरडी बांधता बांधता घरच्यांना ते आठवायचं.

पहिलं बोलावणं आलं झुलालआबांच्या घरून. धाब्याचं घर, आत मिट्ट अंधार, आणि ऐन वेळी फ्लॅश पेटेना. अभिमन बाहेर ओट्यावर बसला होता. ती विचारायला आली.

"शटर हळू कर, पंधरावर लाव आणि श्वास धर," तो म्हणाला. "मेलेलं माणूस हलत नाही. तू पण हलू नको."

रडणाऱ्या बायकांच्या मधोमध ती गुडघ्यावर बसली. आबांचं तोंड जरा उघडं राहिलं होतं. तिचा हात थरथरला तो शेवटच्या फोटोपर्यंत थांबला नाही.

आबांची बायको भागाबाई फोटो न्यायला दुकानात आली, तेव्हा अभिमन घाईनं म्हणाला, "रोलच खराब निघाला, मावशी."

ताईबाईनं त्यातल्या त्यात बरा फोटो तिच्यापुढं ठेवला आणि दोष स्वतःच्या हाताकडं घेतला. "रोल चांगला व्हता, मावशी. मना हात हालना."

भागाबाईनं तो उजेडात धरला. आबा धुक्यात झोपल्यासारखे दिसत होते, नाक तेवढं ओळखू येत होतं.

"नाक ते शे ना," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे." फोटो पदरात गुंडाळून ती निघून गेली.

त्या दिवसापासून दुपारी दुकान सामसूम झालं की ताईबाई रिकामा कॅमेरा घेऊन चौकटीला पाठ टेकायची, कोपर बरगडीत रुतवायची आणि कोपऱ्यातल्या माठावर शटर दाबत राहायची. हात बसला. पुढच्या काही वर्षांत तिचे फोटो असे यायला लागले की पापणीचा केस न केस मोजावा. पण नावही पडलं, मयतवाली. हळदीकुंकवाला गेली की बायका सरकून बसायच्या.

चौऱ्याण्णव साली अभिमननं हट्ट धरला आणि जळगावहून आपोआप फोकस करणारा, कोणीतरी वापरलेला कॅमेरा आणवला. डोळे नसले तरी चालतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं तो आवाजाच्या रोखानं तिच्यावर धरला आणि बटण दाबलं. फोटोत भिंतीवरचं कॅलेंडर लख्ख आलं, ताईबाईचा नुसता खांदा. ते ऐकल्यावर त्यानं कॅमेऱ्याला पुन्हा हात लावला नाही.

त्याच साली तिच्या भावाच्या, पितांबरच्या, मुलीचं लग्न होतं. ही मंजुळा आपल्या या आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. ताईबाई नवा कॅमेरा घेऊन पारोळ्याकडच्या त्या गावी गेली, तर भाऊ वाटेतच आडवा आला.

"अक्का, तू फोटू नको काढू. लोके नावं ठेवतीन."

तिनं कॅमेरा पिशवीत घातला. लग्नभर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

दुसऱ्या वर्षी सकाळच्या एसटीनं पितांबर एरंडोलला आला आणि दुकानाच्या पायरीवरच बसला. मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"मंजुळी गयी, अक्का. रगत थांबनंच नही. लेकरू वाचनं." मग खाली बघत म्हणाला, "दोघंस्ना एक फोटू काढ."

"लग्नातले फोटू शेतस ना?"

"त्यामा लेकरू कोठे शे?"

पितांबरच्या घरी आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर मंजुळा होती, कपाळभर कुंकू लावलेली. ताईबाईनं बाळ तिच्या गालाशी ठेवलं. नव्या कॅमेऱ्याचं भिंग त्या अंधारात घर्रघर्र करत पुढं-मागं धावलं, कशावर थांबेना. तिनं बाजूची कळ सरकवून रिंग हातात घेतली. तेवढ्या उजेडात शटर हळूच ठेवावं लागणार होतं, आणि आजवर तिच्यापुढं जिवंत कोणी झोपवलंच नव्हतं. बाळ हात नाचवत होतं, तोंड फिरवून गार गालावर दूध शोधत होतं. कोणीतरी हुंदका दाबला. फ्लॅश चमकवायचा तिला धीर होईना. ती वाट बघत राहिली. बाळ दमून क्षणभर थांबलं, तेव्हा तिनं बटण दाबलं.

फोटोत मंजुळा स्पष्ट आली. बाळाचा चेहराही बराचसा आला. मूठ तेवढी पांढुरकी, फिसकटलेली.

बाळाला धुळ्याला बापाच्या घरी नेलं. पितांबरनं फोटो जावयाकडं पोचवला. वर्षाच्या आत जावयानं दुसरं लग्न केलं आणि फोटो परत आला, नव्या सुनेला घरात नको म्हणून. पितांबरच्या बायकोनं तो पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला. मुलगा मोठा होतोय, दुसरीला आई म्हणतोय, असं कानावर येई. आजोळी त्याला कोणी पाठवलं नाही.

अभिमन सत्त्याण्णवमध्ये गेला. त्याचा फोटो ताईबाईनं काढला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर तिनं दुकान उघडलं. दुपारी एक माणूस सायकलवरून उतरला आणि आत न येता उन्हातच उभा राहिला. कोणाकडं, एवढंच तिनं विचारलं, आणि कॅमेऱ्याची पिशवी उचलली.