रेडिओची बोलती बंद

वस्तीतल्या न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणत. त्याची कात्री तोंडाच्या तालावर चाले. कुणाचं लग्न मोडलं हे सांगताना डावी बाजू व्हायची, कोण कुणाबरोबर पळालं हे सांगताना उजवी. मानेवर वस्तरा टेकला की गोष्ट ऐन रंगात थांबायची, आणि गिऱ्हाईक श्वास रोखून निश्चल बसायचं.

पुढे वस्तीला पोसणारा कारखाना बंद पडला. त्या जागी टॉवर उठले. फिटर, पॅकर, वेल्डर एकेक करून शहराच्या टोकाला फेकले गेले आणि कुत्र्याला वेगळी खोली देणारी माणसं राहायला आली. आपलं नशीब उघडलं असं रेडिओला वाटलं. दुकानाच्या गाळ्याच्या मालकाला ते त्याच्याही आधी वाटलं होतं.

"टॉवरची गिऱ्हाइकं आण, नाहीतर गाळा सोड. कॉफीवाला टपून बसलाय," त्याने बजावलं.

रेडिओने बायकोच्या बांगड्या मोडून काचेचं दार बसवलं, जुना बाक काढून सोफा आणला आणि पाटीवर 'स्टुडिओ' लिहून घेतलं.

"अहो, त्यांची कुत्रीसुद्धा याहून भारी ठिकाणी केस कापून घेतात," बायको म्हणाली.

"तुला बिझनेस कळत नाही."

पहिला आला तो टॉवरचा सेक्रेटरी. तिथे त्याचाच शब्द चाले. तो खूश तर सगळे खूश. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "एक रिक्वेस्ट आहे. बोलू नका. दिवसभर माणसांचं ऐकून डोकं उठतं."

रेडिओने तोंड मिटलं आणि हाताचा ताल गेला. डावी बाजू जास्त उतरली. ती जुळवायला उजवी घेतली, तर ती त्याहून उतरली. होता होता सेक्रेटरीचं डोकं खरडलेल्या पातेल्यासारखं दिसू लागलं. रेडिओने कात्री खाली ठेवली. गाळा गेलाच आता.

सेक्रेटरीने आरशात मान वळवून वळवून पाहिलं. "वा. इतका सिंपल कट हल्ली कुठे मिळतो?"

मग काय, अख्खा टॉवर लोटला. प्रत्येकाला तेच पातेलं हवं, तीच शांतता हवी. गाळा वाचला. रेडिओ घरीही हूं नि हां करू लागला.

एका दुपारी फिटरकाका आले. या गल्लीत उरलेलं हे शेवटचं जुनं गिऱ्हाईक. निम्मे केस होईपर्यंत त्यांनी रेडिओ बोलेल म्हणून वाट पाहिली.

"उद्या आम्हीही चाललो रे, पोराकडे. म्हटलं, जाण्याआधी तुझ्याकडे एकदा बसून जावं. बोल की, काय खबर?"

रेडिओने सोफ्याकडे पाहिलं. तिथे दोन साहेब कानांत इअरफोनची बोंडं घालून बसले होते. त्यांना कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं.

"काका, हळू. इथे बोलत नाहीत."

"मग मी काय इथे केस कापायला आलोय?"

काकांनी गळ्याचं कापड स्वतःच सोडलं आणि अर्धं कापलेलं डोकं घेऊन ते रस्त्याला लागले. रेडिओने त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, पण साहेबांकडे नजर गेली आणि ते मिटलं. खुर्ची झटकून त्याने पुढच्याला हातानेच खूण केली.